फक्त रूप बदललं आहे

चौथी आवृत्ती बाहेर पडली त्या सकाळी सिरगाक आगायांनी पहिला फोन तोक्मोकला जोमार्त आकेंना केला. संकेतस्थळावर बातमी टाकण्याच्याही आधी. चांगली बातमी जो सर्वांत आधी आणतो त्याला सुयुंचू मिळते, म्हणजे बातमीचं बक्षीस, आणि दुसऱ्याला काहीही मिळत नाही. उलुकमान आदल्या दिवसापासून म्हणत होता की प्रोग्राम मी लिहिला, तेव्हा फोनही मीच करणार. आगायांनी त्याला नान आणायला खाली पाठवलं आणि तेवढ्यात नंबर फिरवला.

कंपनी म्हणजे आम्ही तिघंच. सिरगाक आगाय विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी, म्हणून मी त्यांना आगाय म्हणते, गुरुजी. उलुकमान त्यांच्याकडे कधी शिकला नाही, पण माझं ऐकून तोही म्हणायला लागला. बिश्केकमधल्या एका जुन्या शिवणकारखान्यात आमची तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. तिच्या भिंतींना आम्ही लोकरीचे नमदे ठोकले आहेत, कारण नमद्याइतका आवाज पिणारी दुसरी वस्तू इथल्या बाजारात मिळत नाही. त्यातले निम्मे आगायांच्या सासूने दिले. तिला अजून वाटतं की ते जमिनीवर अंथरलेले आहेत.

आमच्या सॉफ्टवेअरचं नाव कुंबोझ, म्हणजे घुमट. बंद खोलीत मुद्रित केलेला कोरडा आवाज त्यात घातला की तो घुमटाखाली, घळीत किंवा धान्याच्या रिकाम्या कोठारात उमटल्यासारखा ऐकू येतो. त्यासाठी आम्ही त्या त्या जागी जाऊन फुगे फोडतो. फुगा फुटल्यावर जागा जे उत्तर देते ते मुद्रित करायचं. पुढचं सगळं गणित आहे. बोओमच्या घळीत एका मेंढपाळाने आम्हाला विचारलं होतं की वाढदिवस कुणाचा आहे.

माझं काम चाचण्या घेण्याचं, गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं देण्याचं आणि कंपनीच्या बातम्या लिहिण्याचं. नवी आवृत्ती आली की त्यात काय बदललं, काय दुरुस्त झालं, कोणत्या नव्या जागेचा आवाज भरला, हे मी लिहिते. चौथ्या आवृत्तीच्या बातमीत मी लिहिलं होतं: आवाज तोच आहे, फक्त रूप बदललं आहे.

जोमार्त आके साठीच्या आसपासचे, म्हणून सगळे त्यांना आके, थोरले दादा, म्हणतात; जन्मापासून अंध. तरुणपणी ते अंध मंडळाच्या कारखान्यात विजेचे प्लग जोडायचे आणि संध्याकाळी लग्नांत अकॉर्डियन वाजवायचे. आता घरातल्याच एका खोलीत त्यांचा छोटा स्टुडिओ आहे. त्यांच्या संगणकात स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम असतो; ते कीबोर्डवरून एकेका बटणावर जातात, आवाज त्याचं नाव आणि आकडा सांगतो, आणि त्यांची बोटं पुढचं करतात. ते कुंबोझचे सर्वांत पहिले गिऱ्हाईक. पहिल्यापासून प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्याआधी त्यांच्याकडे जायची आणि ते ऐकून काय ते सांगायचे.

या वेळी आम्ही ती पाठवली नाही. आवाजाला हातच लावला नव्हता. उलुकमानने वर्षभर खपून नवं रूप काढलं होतं: मधोमध एक घुमट, तो बोटाने ओढला की मोठा होतो, खिडक्यांतून ऊन येतं, दूर सरकवला की धूसर होतो. परदेशी वितरकाने बघितल्या बघितल्या होकार कळवला. यात कानांचं काहीच काम नाही, मग आकेंना कशाला त्रास द्यायचा, असं आमच्यातलं कुणीतरी म्हणालं. कोण ते आता कुणालाच आठवत नाही. तेव्हा ते आम्हाला त्यांची काळजी घेतल्यासारखं वाटलं होतं.

आणि चौथ्या आवृत्तीची आमच्याहून जास्त वाट तेच बघत होते. शरद ऋतूत त्यांचा जुना संगणक बंद पडला आणि नव्यावर तिसरी आवृत्ती चालेना. त्यातच काराकोलच्या एका बाहुल्यांच्या नाट्यगृहाने त्यांना नवरोजच्या नाटकाचं सगळं ध्वनीचं काम दिलं होतं. दिग्दर्शिका कानिशाय एजेंनी, म्हणजे कानिशायताईंनी, त्यासाठी समितीशी भांडण केलं होतं. डोळे नसलेला माणूस आमची वेळापत्रकं कशी पाळणार, असं तिथे कुणीतरी विचारलं होतं. हे एक नाटक नीट झालं तर पुढची सगळी आकेंची. नाही झालं तर कानिशाय एजेसुद्धा परत त्यांचं नाव घेऊ शकणार नव्हत्या. हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

म्हणून फोनवर बातमी ऐकताच ते म्हणाले, माग काय हवं ते. आगाय म्हणाले, तुमच्या मनाला येईल ते. दुसऱ्या दिवशी त्यांचा जावई मेंढीचं अर्धं धड आणि डोकं चादरीत गुंडाळून तिसऱ्या मजल्यावर घेऊन आला.

आम्ही ते आगायांच्या घरी खाल्लं. त्यांच्या बायकोने, चिनारा एजेंनी, दिवसभर शिजवलं. डोक्याचा कान सर्वांत धाकट्याला देतात, म्हणजे तो ऐकायला शिकतो. उलुकमान माझ्याहून काही महिन्यांनी धाकटा, त्यामुळे कान त्याच्या ताटात पडला. चिनारा एजे म्हणाल्या, "खा रे, प्रोग्राम लिहिताना हाक मारली की तू नमद्यासारखा असतोस." आगायांनी जोमार्त आकेंच्या हातांसाठी, घरासाठी, नाटकासाठी आशीर्वाद मागितले आणि सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

आठवड्याभराने आके स्वतः आले. तोक्मोकहून मिनीबसने, एकटे, हातात काठी आणि पिशवीत वाळवलेल्या जर्दाळूंचा पुडा. अशी न कळवता येण्याची त्यांची सवय नव्हती. चहा झाला, बर्फाबद्दल बोलणं झालं, कोळशाच्या धुराबद्दल झालं. उलुकमानला राहवेना. नवी आवृत्ती कशी वाटली म्हणून त्याने विचारलं.

"सगळे म्हणतात फार देखणी झालीय," आके म्हणाले. त्यांनी वाटी खाली ठेवली. "माझ्या शेजाऱ्यानेही नवं दार केलं. अक्रोडाचं. गाव बघायला येतं. मी पण गेलो. हात फिरवला, तर काय सांगू, लोणी. वर फिरवला, खाली फिरवला. कडी काही हाताला लागेना. आत माणसं बोलतायत, हसतायत. ठोठावावं, तर लोकांच्या नव्या दारावर ठोठावणं बरं दिसत नाही. मग आलो परत."

"सुताराला हाकलून द्यायला सांगा, आके," उलुकमान हसत म्हणाला.

"छे. पोरगा चांगला आहे."

आम्ही सगळेच हसलो. त्यांनी अजून एक वाटी चहा घेतला, आगायांच्या सासूची चौकशी केली आणि उठले. मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत मी नाटकाचं विचारलं. त्यांनी सांगितलं की गाणी, संवाद, सगळं मुद्रित होऊन पडलं आहे. कोरडं आहे अजून, बघू. मिनीबस आली, चालकाने त्यांचा हात धरून आत घेतलं.

परत येताना मला त्या दाराचं कोडं पडलं. मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले आहे. घराच्या एका बाजूला शाळेची भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला कालवा. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे बिटाचं शेत. त्यांना शेजारी नाहीच.

आमच्याकडे वाईट बातमी सरळ सांगत नाहीत. कुणी गेलं तर घरच्या माणसाला ते फोनवर कळवत नाहीत, रस्त्यात सांगत नाहीत. चार मोठी माणसं जातात, बसतात, चहा घेतात, एखादी गोष्ट सांगतात आणि ऐकणारा स्वतःच समजतो. मी हे लहानपणापासून पाहिलं आहे. पण आपल्याकडेच कुणी असं येऊन बसेल, आणि तेही आपण लिहिलेल्या प्रोग्रामबद्दल, असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी खोलीत आले, माझ्या संगणकात स्क्रीन वाचणारा प्रोग्राम बसवला, हेडफोन लावले आणि स्क्रीन बंद केला. आधी तिसरी आवृत्ती उघडली. आवाज म्हणाला, "आकार, पन्नास टक्के." पुढच्या बटणावर गेले. "अंतर, वीस टक्के." पुढे, "भिंती, दगड." तो भराभर बोलत होता, मला जरा वेळ लागला, पण काम होत होतं.

मग चौथी आवृत्ती उघडली. आवाज म्हणाला, "खिडकी," म्हणजे स्क्रीनवरची प्रोग्रामची चौकट. मी पुढे गेले. "खिडकी." मी बाण दाबले. काहीच नाही. मग हाताला येतील ती बटणं दाबली. मध्येच काहीतरी बदललं असावं, कारण चाचणीचा आवाज एकदम विहिरीत पडल्यासारखा झाला, पण काय बदललं आणि ते परत कसं आणायचं हे सांगायला कुणी नव्हतं. मी बराच वेळ तशीच बसले. मला स्क्रीन लावता येत होता, हे मला माहीत होतं, आणि तरीही अस्वस्थ वाटत होतं.

कारण शोधायला वेळ लागला नाही. उलुकमानने सगळं स्वतः रंगवलं होतं: घुमट, ऊन, खिडक्या, गोल फिरणारी बटणं. संगणकाच्या लेखी ते एकच चित्र होतं. चित्रात बटणं आहेत हे बघणाऱ्याला कळतं. संगणकाला आम्ही ते कधी सांगितलंच नव्हतं, तेव्हा तो तरी पुढे कुणाला काय सांगणार?

मी उलुकमानला हेडफोन दिले आणि त्याचा स्क्रीन बंद केला. सांगितलं, घुमट मोठा करून दाखव.

"स्क्रीन लाव," तो म्हणाला.

"नाही."

त्याने प्रयत्न केला. थोड्या वेळाने परत म्हणाला, "स्क्रीन लाव ना," या वेळी हळू. मग त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि ते नीट सरळ केले, वायर गुंडाळली. म्हणाला, "सुतार म्हणजे मी."

आगाय आले तेव्हा आम्ही त्यांना सगळं सांगितलं. ते उभ्या उभ्या ऐकत होते. दुसरा कुणी असता तर त्याने तारखा विचारल्या असत्या, वितरकाचं काय ते विचारलं असतं. त्यांनी तेही विचारलं, पण नंतर. आधी म्हणाले, "आपण त्यांची मेंढी खाल्ली." आणि मग खुर्चीत बसले.

बक्षीस घेतल्यावर बातमी खोटी ठरली तर काय करतात, याचा नियम मी कधी ऐकला नव्हता. मी विचारलं. आगाय म्हणाले की त्यांनीही ऐकलेला नाही, बहुतेक असं कुणी करत नसावं. उलुकमान म्हणाला की सगळी बटणं संगणकाला नीट जाहीर करायची, त्यांना नावं द्यायची, क्रम लावायचा, तर पुष्कळ दिवस लागतील, कारण चित्र मोडून परत बांधावं लागेल. नवरोज त्याआधी येत होता. नाट्यगृहाला ध्वनी पुढच्या आठवड्याच्या अखेरीस हवा होता. माझ्या जुन्या संगणकावर तिसरी आवृत्ती चालते, पण अख्ख्या नाटकाचं काम त्याला पेलणारं नव्हतं.

मग आगायांनी ठरवलं की तोक्मोकला जायचं, तिघांनी, आणि रीतीप्रमाणे बसून सांगायचं. मी म्हटलं, त्यांना माहीत आहे, तेच तर चहा पिऊन आपल्याला सांगून गेले. "ते त्यांनी सांगितलं," आगाय म्हणाले. "आपण कुठे सांगितलंय अजून?"

शनिवारी गेलो. आकेंच्या बायकोने दस्तरखानाचं कापड पसरलं, त्यावर बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले तुकडे, ओतले, लोणी, जॅम, सगळं आलं. आगायांनी सुरुवात केली. यंदाचा हिवाळा, मग त्यांच्या वडिलांचा एक घोडा, तो घोडा कसा चांगल्या रस्त्यावर ठेचकाळला. घोडा अजून नदीपर्यंतही पोचला नव्हता तेव्हा आके म्हणाले, "सिरगाक, मेलंय कोण?"

"कुणी नाही, आके."

"मग चहा गार का करतोस? बोल."

आगायांनी सांगितलं. सरळ सांगितलं, घोड्याला रस्त्यातच सोडून. तुम्हाला न विचारता बदल केला, तो तुमच्या हातून काम काढून घेणारा निघाला, आणि आम्ही तुमच्याकडून त्याची सुयुंचू घेतली. आके ऐकत राहिले. त्यांनी रागाचं काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले की पहिले दोन दिवस त्यांना वाटलं, आपलीच बोटं म्हातारी झाली. जावयाला बोलावलं, तो म्हणाला सगळं दिसतंय की, किती सुंदर आहे. ते ऐकून तर त्यांनी संगणक झाकूनच ठेवला.

उलुकमान इतका वेळ मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला की आके, मी इथे राहतो. तुमच्या शेजारी बसतो, तुम्ही सांगाल तसं फिरवतो. दोन दिवसांत नाटक पूर्ण होईल.

"होईल," आके म्हणाले. "पण मग ते तुझं काम झालं. मी नुसता सांगणारा. सांगणारी माणसं त्या नाट्यगृहात भरपूर आहेत, बाळा, त्यासाठी मी कशाला?"

आकेंच्या बायकोने उलुकमानच्या वाटीत चहा ओतला.

"मग बटणं करू," उलुकमान म्हणाला. "सगळी नाही होणार. तुम्हाला कोणती लागतात?"

आकेंनी बोटांवर मोजली. जागा कोणती, ती लांब की जवळ, घुमणं किती वेळ रेंगाळतं, आणि मूळ आवाजात ते किती मिसळायचं. बाकी ऊन-बिन तुमचं तुम्हाला ठेवा, म्हणाले.

उलुकमान तिथेच राहिला. आकेंच्या स्टुडिओत जमिनीवर झोपायचा आणि दिवसा त्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून लिहायचा. मी अधूनमधून फोन करायचे. तिसऱ्या दिवशी पहिलं बटण बोललं. पण त्याने बटण जाहीर केलं तेव्हा माणसांसाठीचं नाव द्यायला विसरला, आणि प्रोग्राममध्ये स्वतःच्या सोयीसाठी जे नाव लिहून ठेवलं होतं तेच आवाजाने मोठ्याने वाचलं: "आयझिरेक, पन्नास टक्के." आयझिरेक त्याच्याबरोबर शिकायची. हे नाव कोणी बघणार नाही याची त्याला खात्री होती, आणि बघितलं कुणीच नाही.

"ही कोण?" आकेंनी विचारलं.

"कुणी नाही, आके."

"पन्नास टक्के वाईट नाही. प्रयत्न कर."

हे मला आकेंनीच फोनवर सांगितलं, आणि मागून उलुकमान ओरडत होता की सांगू नका म्हणून.

इकडे माझ्यासमोर बातमी होती. दुरुस्त केलेली आवृत्ती लवकरच सगळ्यांना द्यायची होती आणि तिच्याबरोबर काय बदललं ते लिहायचं होतं. आगाय म्हणाले, "किरकोळ सुधारणा" एवढं लिही. आमच्या धंद्यात सगळेच तसं लिहितात. त्याखाली काय काय झाकलेलं असतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मी दोन वाक्यं लिहून त्यांच्यापुढे ठेवली: चौथी आवृत्ती स्क्रीन न बघता वापरता येत नाही. ही चूक आमची आहे. जे असे काम करतात त्यांना आम्ही विचारलं नाही.

आगायांनी ते बराच वेळ वाचलं. मग म्हणाले की वाईट बातमी अशी अनोळखी माणसांना, लेखी, एका ओळीत सांगणं त्यांना असभ्य वाटतं. ना कुणी शेजारी बसलेलं, ना चहा. ते खरंच होतं. मलाही ते थोडं असभ्यच वाटत होतं. पण मी म्हटलं, आगाय, आपल्याला एक आके माहीत आहेत कारण ते मिनीबसने येऊ शकतात. बाकी किती आहेत ते आपल्याला माहीत नाही, आणि विचारल्याशिवाय मोजता येणार नाही.

त्यांनी एक शब्दही बदलला नाही. खाली स्वतःचं नाव लिहिलं, जे आम्ही बातम्यांखाली कधी लिहीत नव्हतो.

वितरकाने रागाचं पत्र पाठवलं. एका माणसाने लिहिलं की अशा कंपनीवर त्याचा विश्वास उरला नाही. आणि पोलंडमधल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईचं पत्र आलं की ती दोन आठवडे आपलाच संगणक बिघडला असं समजत होती. मग मोन्तेविदेओहून एक, मग आणखी काही. त्यातल्या एकानेही आधी तक्रार केली नव्हती. आके कुणालाच ओळखत नव्हते, पण मी त्यांना पत्रं वाचून दाखवली तेव्हा ते पोलंडच्या बाईबद्दल म्हणाले की हिला दाराची गोष्ट सांगायला कुणी सापडलं नसणार.

नाट्यगृहाच्या मुदतीच्या दिवशी मी तोक्मोकला गेले. मला चारही बटणं तिथल्या संगणकावर तपासायची होती. आकेंनी नाटकाचं काम सकाळीच संपवून काराकोलला पाठवलं होतं. उलुकमानची दाढी वाढली होती आणि त्याने आकेंच्या जावयाचा स्वेटर घातला होता. स्क्रीन बंदच होता. त्यावर कुणीतरी टोपी अडकवली होती. संगणकाचा बोलणारा आवाज इतका भरभर लावलेला होता की मला एकही शब्द कळत नव्हता. आके त्याला सून म्हणायचे. म्हणायचे, अख्ख्या चुई खोऱ्यात सासऱ्यापुढे एवढं बोलणारी सून दुसरी नाही.

चाचणी अर्धी झाली असेल तेव्हा कानिशाय एजेंचा फोन आला. आकेंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. आधी त्या गाण्यांबद्दल बोलल्या, मग नाटकातल्या कोल्ह्याच्या लग्नाबद्दल. छान झालंय, म्हणाल्या, आणि थांबल्या. उलुकमानने माझ्याकडे पाहिलं.

"पण तो लांडगा, आके. तो फार जवळ आहे. पहिल्या रांगेत तीन-चार वर्षांची पोरं असतात. रडून गोंधळ घालतील."

"किती लांब हवा?"

"नदीपलीकडे असला तर? आमची तालीम चालू आहे, सगळे खोळंबलेत इथे. उद्यापर्यंत होईल का?"

"फोन ठेवू नकोस," आके म्हणाले.

उलुकमानचा हात माउसकडे गेला होता. त्याने तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. आकेंनी कीबोर्डवर बोटं ठेवली. सून काहीतरी पुटपुटली, पुन्हा पुटपुटली, ते दोन बटणं पुढे गेले, एक मागे आले. मग त्यांनी वरच्या दिशेचा बाण हलके हलके दाबायला सुरुवात केली आणि प्रत्येक दाबण्याबरोबर लांडगा थोडा थोडा मागे सरकायला लागला. आधी तो खोलीत होता, मग अंगणात, मग कालव्याच्या पलीकडे कुठेतरी बर्फात.

"अजून," फोनमधून कानिशाय एजे म्हणाल्या. मग, "अजून जरा." मग त्या कुणालातरी तिकडे गप्प राहायला सांगत होत्या. "हं. बस, बस. आता तो तिथेच राहू द्या."

"थांब," आके म्हणाले. त्यांनी डोकं एका बाजूला कलवलं होतं आणि बोटं अजून चालूच होती. "नदीचा आवाज पण थोडा मागे घेतो. नाहीतर लांडगा पाण्यात उभा वाटेल."